बियाणे कोणाच्या घरात राहणार? हिमालयातल्या भांगेचे नवे वाण आणि आपले प्रश्न

हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये भांगेच्या नियंत्रित शेतीच्या पथदर्शी अभ्यासाला मंजुरी दिली. पालमपूरचे कृषी विद्यापीठ आणि नौणीचे उद्यानविद्या विद्यापीठ यांनी मिळून तो करायचा आहे. त्याआधी महसूलमंत्री जगतसिंह नेगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती आणि सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेने तिचा अहवाल स्वीकारला. शेजारच्या उत्तराखंडाने तर २०१८ मध्येच औद्योगिक भांगेच्या लागवडीचा देशातला पहिला परवाना दिला होता, तोही एक हजार हेक्टरच्या प्रकल्पासाठी.

या बातम्या आपल्याकडे पोहोचल्या त्या गांजाच्या विनोदांसोबत. ‘आता सरकारच गांजा पेरणार’ असे संदेश आमच्याही गटांवर फिरले. विनोदाला आमची हरकत नाही, पण विनोदात खरी बातमी हरवली. खरी बातमी बियाण्याची आहे. हिमालयाच्या उतारांवर नीट वाढेल, चांगला धागा आणि बी देईल आणि कायद्याने घालून दिलेल्या नशेच्या मर्यादेतही राहील, असे भांगेचे वाण आज शेतकऱ्याला बाजारात सहज मिळत नाही. ते निवड करून तयार करावे लागेल. कोण करणार, कशातून करणार आणि झाल्यावर ते कोणाच्या नावावर राहणार, हे प्रश्न आत्ताच विचारायला हवेत. वाण एकदा नोंदले गेले की पुढे फक्त दराची चर्चा उरते.

आधी एक शंका दूर करू, कारण आपल्या वाचकांच्या मनात ती पहिली येईल. पाचवे शील पाळणाऱ्याने भांगेच्या शेतीबद्दल आस्था का दाखवावी? हेम्प, भांग, गांजा ही एकाच वनस्पतीची नावे आहेत हे खरे. पण नशा येते ती तिच्या फुलोऱ्यात साठणाऱ्या टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी या द्रव्याने. ज्या झाडात ते नावापुरतेच आहे त्या झाडापासून दोर, कापड, कागद, बांधकामाचे हलके ठोकळे, तेल आणि चटणी होते, नशा होत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये भांगेच्या बियांना आणि बियांच्या तेलाला खाद्यपदार्थ म्हणून मान्यताही दिली आहे. आणि विनयपिटकातल्या महावग्गात भिक्खूंच्या चीवरासाठी जी सहा प्रकारची वस्त्रे मान्य केली आहेत, त्यांत जवस, कापूस, रेशीम आणि लोकर यांच्यासोबत ‘साण’ आणि ‘भंग’ ही दोन नावे येतात. काही अभ्यासक ‘भंग’चा अर्थ मिश्र धाग्याचे कापड असा लावतात, पण नाव या झाडाशी जुळते ते काही उगाच नाही. गरिबाच्या अंगावरचे जाडेभरडे कापड म्हणून हे झाड भारतीयांना अडीच हजार वर्षांपासून माहीत असावे.

आता कायदा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात (आपण त्याला एनडीपीएस म्हणून ओळखतो) विनापरवाना भांगेचे झाड लावले तर कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्याच कायद्याचे कलम १४ मात्र सरकारला मुभा देते की धागा किंवा बी मिळवण्यासाठी, औद्योगिक कारणापुरती, लागवडीला परवानगी द्यावी. २०१२ च्या राष्ट्रीय अमली पदार्थ धोरणात तर कमी टीएचसीच्या वाणांवर संशोधन आणि चाचण्यांना प्रोत्साहन देऊ असे केंद्र सरकारने स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे दार २०१२ मध्येच किलकिले झाले होते.

मूळ कायद्यात टीएचसीची टक्केवारी कुठेही नाही. तो झाडाच्या भागांवरून व्याख्या करतो: फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, नुसती पाने आणि बिया त्यात नाहीत. ०.३ टक्क्यांची जी रेषा उत्तराखंडाने घेतली, ती जगभर फिरून इकडे आली आहे. तिचा उगम १९७६ चा. कॅनडाचे वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल आणि अमेरिकेचे आर्थर क्रॉन्क्विस्ट यांनी एकाच वनस्पतीचे दोन उपप्रकार वेगळे करायला एक सोयीची रेषा आखली. कॅनडातल्या हवेत वाढवलेल्या झाडांच्या कोवळ्या पानांवर ती बेतलेली होती आणि ती सोयीसाठी आखल्याचे लपवलेले नव्हते. वर्गीकरणासाठी आखलेली ती रेषा पुढे देशोदेशींच्या कायद्यांत शिरली. स्वित्झर्लंडने मात्र १ टक्का मर्यादा ठेवली. युरोपीय संघ बरीच वर्षे ०.२ वर होता, २०२३ पासून ०.३ वर आला. रेषा सरकते, एवढे यावरून लक्षात ठेवावे. गढवालच्या शेतकऱ्याला मात्र ती दगडावरची रेघ म्हणून सांगितली जाते.

मग बाहेरचे प्रमाणित बियाणे का आणत नाहीत? फ्रान्स, हंगेरी, युक्रेन या देशांत कमी टीएचसीचे वाण कित्येक दशकांपासून आहेत. ते आणून पेरले की काम झाले, असे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते. अडचण सूर्याची आहे. भांग हे दिवस लहान होऊ लागला की फुलणारे झाड. दिवस साधारण चौदा तासांच्या खाली आला की ते उंच वाढणे सोडून फुलोऱ्याच्या मागे लागते. पॅरिसमध्ये जूनचा सर्वांत मोठा दिवस सोळा तासांहून जास्त असतो, डेहराडूनमध्ये तो जेमतेम चौदा तासांचा आणि पुण्यात सव्वातेरा तासांच्या आसपास. फ्रान्सच्या लांब दिवसांत निवड होत होत तयार झालेले वाण आपल्याकडे आले की त्याला भर उन्हाळ्यातही वाटते, हंगाम संपत आला. ते लवकर फुलते आणि खुजे राहते. ज्या झाडाची किंमत त्याच्या दोन-तीन मीटर लांब दांड्यात आहे, ते खुजे राहिले तर धाग्याचा हिशेब तिथेच संपतो. त्यात पहाडावरचा पाऊस, उतारावरची पातळ माती आणि पेरणी-कापणीचे तिथले वेळापत्रक. एप्रिल-मेमध्ये पेरून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत उभे राहणारे, मधला सगळा पावसाळा सोसणारे झाड हवे. ते गुण तिथल्या गावठी भांगेत आहेत, आयात बियाण्यात नाहीत.

उलट गावठी भांगेची अडचण टीएचसीची. याची आनुवंशिकता बऱ्यापैकी उलगडली आहे आणि ती समजायला अवघडही नाही. प्रत्येक झाडाला आईकडून एक आणि बापाकडून एक अशा जनुकाच्या दोन प्रती मिळतात. एक प्रकारची प्रत टीएचसी बनवते, दुसऱ्या प्रकारची कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, जिची नशा येत नाही. दोन्ही प्रती सीबीडीच्या असतील तर झाडात टीएचसी उरते ते सीबीडीच्या साधारण विसाव्या हिश्श्याएवढे. फुलोऱ्यात दोन टक्के सीबीडी असेल तर टीएचसी ०.१, मर्यादेत. सहा टक्के सीबीडी असेल तर टीएचसी ०.३ वर जाऊन टेकते. एक जरी प्रत टीएचसीची आली तर मर्यादा हमखास ओलांडली जाते. हिमालयातल्या गावठी आणि रानटी झाडांत ही टीएचसीची प्रत सर्रास असते.

वाण तयार करणाऱ्याचे काम इथे सुरू होते. गावोगावचे बियाणे गोळा करायचे, रोपे कोवळी असतानाच पानाचा तुकडा तपासून टीएचसीची प्रत असलेली रोपे फुलण्याआधी उपटायची, उरलेल्यांतून उंच, सरळ, उशिरा फुलणारी, भरघोस धाग्याची झाडे ठेवायची. स्थानिक झाडांत सीबीडीची प्रत फारच दुर्मिळ असेल तर ती युरोपीय वाणाशी संकर करून आणायची आणि मग पुन्हा पुन्हा स्थानिक झाडाशी संकर करत पहाडी गुण परत मिळवायचे. वर्षाला एक पीक धरले तर पाच-सहा पिढ्यांना पाच-सहा वर्षे लागणार. दोन हंगामांच्या ‘पथदर्शी’ अभ्यासातून वाण निघत नसते. फार तर कोणते बियाणे चालत नाही एवढे कळते.

धाग्याची निवड हे वेगळेच शहाणपण आहे. भांगेत नर आणि मादी झाडे वेगळी. मादीचा धागा चांगला आहे की वाईट हे कापणीनंतर मोजता येते, पण तोवर कोणत्याही नराचा पराग तिच्यावर पडून गेलेला असतो. जर्मनीत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रेडेमान नावाच्या संशोधकाने यावर तोड काढली. नर फुलण्याआधी त्याचा दांडा उभा चिरायचा, अर्ध्या दांड्यातला धागा मोजायचा, अर्धा झाडावर जिवंत ठेवायचा आणि फक्त चांगल्या नरांनाच फुलू द्यायचे. अशा निवडीने काही दशकांत दांड्यातल्या धाग्याचे प्रमाण जवळपास तिप्पट झाले. यंत्रे फारशी नव्हती, चिकाटी होती. या पद्धतीला मोठे भांडवल लागत नाही, हे आम्हाला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. वाण काढायचे म्हणजे कंपनीच हवी, हा समज तिथे खोटा ठरतो.

आशियातही हे झालेले आहे. चीनच्या युन्नान प्रांतात, साधारण आपल्या बिहारच्या अक्षांशावर, तिथल्या सरकारी कृषी अकादमीने ‘युन्मा-१’ हे कमी टीएचसीचे वाण २००१ मध्ये नोंदवले आणि पुढे त्याच मालिकेत अनेक वाण काढले. आधी वाण आले, लागवडीचे प्रांतिक नियम २०१० मध्ये. थायलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत ह्मोंग समाजाच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या भांगेचा धागा काढून कापड विणत आल्या आहेत. त्यांच्याच शेतांतल्या वाणांतून रॉयल प्रोजेक्ट आणि तिथल्या डोंगरी संशोधन संस्थेने चार कमी टीएचसीचे वाण निवडून काढले. ते सरकारी संस्थेच्या हातात राहिले आणि परवानाधारक शेतकऱ्यांना तिच्याकडूनच मिळू लागले. दोन्ही ठिकाणी क्रम सारखा होता: स्थानिक बियाणे, सार्वजनिक संस्था, मग शेती. आपल्याकडे परवाना आधी आला आणि बियाण्याची शोधाशोध नंतर.

इथवरचा भाग शेतीशास्त्राचा. आमच्या मते कळीचा मुद्दा याच्या पुढचा आहे आणि त्याची चर्चा जवळपास होतच नाही.

भांगेचा पराग वाऱ्याने उडतो, काही किलोमीटरपर्यंत जातो. उत्तराखंड-हिमाचलात भांग रस्त्याच्या कडेला, गोठ्यामागे, पडीक शेतात आपोआप उगवते. समजा, एखाद्या शेतकरी बाईने कमी टीएचसीचे प्रमाणित बियाणे विकत घेऊन पेरले. त्या वर्षीचे तिचे पीक मर्यादेत राहील, कारण झाडाचे रसायन त्याच्या स्वतःच्या जनुकांवर ठरते. पण त्या झाडांना जे बी धरेल, त्यातल्या कितीएकांचा बाप रस्त्याकडेचा रानटी नर असेल. ते बी तिने पुढच्या वर्षासाठी मडक्यात ठेवले, जसे तिच्या सासूने आणि आजेसासूने ठेवले, आणि पेरले, की पीक मर्यादेबाहेर. म्हणजे घरचे बियाणे राखणारी बाई इथे गुन्हेगार ठरू शकते.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ ने भारतीय शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. जगात इतका स्पष्ट हक्क फार थोड्या देशांत आहे. भांगेच्या बाबतीत मात्र हा हक्क कोणीही काढून न घेता आपोआप निकामी होतो. वारा आणि एनडीपीएस मिळून तो निकामी करतात. बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागेल आणि ज्याच्याकडे ते प्रमाणित बियाणे असेल तो भाव ठरवेल. बीटी कापसात विदर्भाने जे पाहिले, तिथे निदान घरची सरकी पेरली म्हणून दहा वर्षांच्या शिक्षेचे कलम डोक्यावर टांगलेले नव्हते.

दुसरी गोष्ट दोषाची. पीक मर्यादेबाहेर गेले की पहिला संशय शेतकऱ्यावर येतो, त्याने काही केले असणार. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी झाडांना पाण्यात बुडवून, जखमा करून, रोग पाडून पाहिले. टीएचसी आणि सीबीडी यांचे प्रमाण त्याने बदलले नाही, ते जनुकांवरच ठरले. शेतकऱ्याच्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे कापणीची वेळ, कारण फुलोरा पिकत जातो तसे दोन्ही द्रव्ये वाढतात. पण बियांसाठी पीक घेणाऱ्याला बी पिकेपर्यंत थांबणे भागच आहे. तपासणी कोणत्या आठवड्यात होते यावर पीक वाचणार की जळणार हे ठरू शकते. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२१ च्या नियमांत याची थोडी दखल घेतली: वैध शेतकऱ्याचे पीक ०.३ च्या वर गेले तरी १ टक्क्यापर्यंत तो निष्काळजीपणा मानायचा नाही, पीक तेवढे नष्ट करायचे किंवा त्याची प्रतवारी बदलायची. आपल्या नियमांत चुकीच्या बियाण्याचा बळी आणि गांजाचा व्यापारी यांच्यात असा फरक ठळकपणे करायला हवा. धुळे जिल्ह्यात सातपुड्याच्या पट्ट्यात गांजाची शेते उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. त्या बातम्यांत शेत कसणाऱ्याचे नाव आणि फोटो असतो, माल उचलणाऱ्याचा क्वचितच. एनडीपीएसचा भार समाजाच्या कोणत्या टोकावर पडतो, हे वस्त्यांत काम करताना आम्हाला वेगळे शोधावे लागत नाही.

आता बियाणे राखले कोणी, याकडे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी अधिकाऱ्यांच्या नोंदी सांगतात की गढवाल-कुमाऊँत वरच्या जाती भांग पेरणे हलके समजत. शेजाऱ्याला शिव्याशाप द्यायचे तर त्याच्या घरात भांग पेरली जावो असे म्हणत. पेरणारे, सोलणारे, विणणारे होते ते खालच्या पायरीवर ढकललेले लोक. या धाग्याचे ‘भांगेला’ नावाचे कापड गरिबाच्या अंगावर असे, धान्याच्या पोत्यांना ‘कुथला’ म्हणत. कुमाऊँतले विणकर कोळी हे तिथल्या अस्पृश्य मानलेल्या, आज शिल्पकार म्हणवणाऱ्या समाजातले. (आपल्याकडच्या कोळी समाजाशी त्यांचे नावापुरतेच साम्य.) आपल्या भाषेतही ‘तुळशीत भांग’ म्हणतात ते काही झाडाचे वर्णन नाही. चांगल्या कुळात वाईट निपजले, असे कुळाचे गणित त्यात आहे.

हलके समजले गेलेले हे झाड ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखले, त्यांनीही एक प्रकारची पैदासच केली. कोणत्या झाडाचे बी चटणीला गोड, कोणत्याचा दोर ओढ सहन करतो, कोणते उंचावरच्या थंडीत टिकते, हे बघून बी वेगळे काढणे म्हणजेच निवड. तिला प्रयोगशाळेचे नाव नाही म्हणून ती ज्ञान नाही, असे म्हणायला आम्ही तयार नाही. आज त्याच झाडाला ‘शाश्वत’, ‘पर्यावरणपूरक’ अशी विशेषणे लागली आणि चित्र पालटले. नव्या कंपन्या आल्या. मुंबईत २०१३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे हेम्प कंपनी त्यांतली सर्वांत परिचित. उद्योग यावा, त्याला आमचा विरोध नाही. धागा विकत घेणारा नसेल तर वाण काढून काय उपयोग? पण धंदा हलका असेपर्यंत आमचा आणि नफा दिसू लागला की दुसऱ्याचा, हे आपण आधी पाहिलेले आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी २०२५ मध्ये इटलीच्या एका बड्या ब्रँडने तशाच चपला मिलानच्या मंचावर मांडल्या, तेव्हा ती घडवणाऱ्या चर्मकाराचे नाव सुरुवातीला कुठेच नव्हते. ताग, अंबाडी आणि घायपाताचे दोर वळणारा मातंग समाज तर नायलॉन आल्यावर शांतपणे बाजूला सारला गेला. तागाचे सुधारित वाण सरकारी केंद्रांनी काढले, चांगलेच काढले. पण दोर वळणाऱ्याला त्या सुधारणेत जागा नव्हती, कारण त्याच्याकडे कौशल्य होते, शेत नव्हते.

पहाडातही तेच होऊ शकते. तिथे जमीन नाळीत मोजतात, पन्नास नाळींचा एक हेक्टर. एक हजार हेक्टर म्हणजे पन्नास हजार नाळी. ज्याच्याकडे पाच-दहा नाळींचे तुकडे आहेत, तेही चार ठिकाणी विखुरलेले, तो या आकड्यात कुठे बसतो? परवाना म्हटला की जमिनीचा कागद आला, तपासणीचा खर्च आला, कुंपण आले, जिल्ह्याच्या कचेरीच्या खेपा आल्या. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये लहान धारण-क्षेत्रांवरच्या निबंधात दाखवून दिले होते की शेताचा निव्वळ आकार हे दुखणे नव्हे, शेतीला जोडायचे भांडवल आणि साधने किती मिळतात हा प्रश्न आहे. भांगेच्या बाबतीत ते साधन म्हणजे बियाणे आणि तपासणी. ती दोन्ही सार्वजनिक असतील तर दहा नाळींचा शेतकरीही उभा राहील. नसतील तर तो आपल्याच शेतात कंपनीचा मजूर होईल, आणि भूमिहीन शिल्पकाराला मजुरीही मिळेलच असे नाही, कारण सोलण्याचे काम यंत्र करील.

म्हणून पालमपूर आणि नौणीच्या अभ्यासाकडे आम्ही काही ठरावीक प्रश्न घेऊन पाहणार आहोत. गावांतून गोळा केलेल्या प्रत्येक बियाण्याची गाव आणि राखणाऱ्याच्या नावासह नोंद होते का? २००१ च्या कायद्याच्या कलम ४१ खाली एखाद्या वाणाच्या घडणीत आपला वाटा आहे असा दावा गावाला किंवा समूहाला करता येतो, आणि तो मान्य झाला तर भरपाई राष्ट्रीय जनुक निधीत जमा होते. पण नोंदच नसेल तर दावा कशावर करणार? कलम ३९ मध्ये आणखी एक उपयोगी तरतूद आहे. नोंदलेल्या वाणाकडून अमुक परिस्थितीत काय अपेक्षा ठेवायची हे पैदासकाराने शेतकऱ्याला सांगायचे आणि तसे घडले नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. ‘टीएचसी ०.३ च्या आत’ हे आश्वासन त्या अपेक्षेत लिहून घेतले तर पीक जळाल्यावर तुरुंगाचा धाक शेतकऱ्याला राहणार नाही, उलट बियाणे विकणाऱ्याला जाब द्यावा लागेल. आमच्या दृष्टीने या सगळ्या चर्चेतली ही सर्वांत कामाची मागणी आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही.

बियाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न वाऱ्याने निर्माण केला असला तरी त्यावरही उपाय आहे. एखादी बाजूला पडलेली दरी निवडायची, तिथल्या गावांनी मिळून रानटी भांग फुलण्याआधी उपटायची आणि ती दरी बीजग्राम करायची. बियाणे तिथल्या महिला गटांचे, तपासणी विद्यापीठाची, खर्च सरकारचा. उपटण्याच्या कामाला रोजगार हमीसारख्या योजनेतून मजुरी देता येईल. डोंगररांगा ही एरवी पहाडी शेतकऱ्याची अडचण, इथे त्या परागाला अडवणाऱ्या भिंती होतात. कंपनीच्या मैदानी फार्मला ही सोय नाही.

आणि गावठी बियाणे आत्ताच जपून ठेवायला हवे, नवे वाण यायच्या आधी. अमेरिकेच्या कृषी खात्यात लिस्टर ड्यूई या संशोधकाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला वीसेक वर्षे निवड करून भांगेचे उत्तम वाण तयार केले होते. १९३३ मध्ये ते काम बंद पडले, बियाणे दर काही वर्षांनी पेरून जिवंत ठेवायला कोणी उरले नाही आणि ते सगळे वाण नष्ट झाले. आर्लिंग्टनच्या ज्या सरकारी शेतावर ते वाढत होते, त्या परिसरात आज पेंटागॉनची इमारत आहे. ऐंशी-नव्वद वर्षांनी तिथल्या शेतकऱ्यांना भांग लावायची मुभा मिळाली तेव्हा त्यांना बियाणे युरोप, कॅनडा आणि चीनकडून आणावे लागले. भांगेचे बी साध्या मडक्यात फार वर्षे टिकत नाही. नैनिताल जिल्ह्यात भवाली इथे राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचे केंद्र आहे, शीतगृहाची सोय देशात आहे. पण पहाडातली गावे रिकामी होत चालली आहेत, चटणीसाठी पाच-सात झाडे लावणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून जात आहेत आणि त्यांच्या घरांना कुलपे लागत आहेत. पथदर्शी अभ्यासाचा पहिला हंगाम खरे तर पेरणीचा नसून गोळा करण्याचा असायला हवा, येत्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कापणीतच.